पंपाच्या खोलीतली रजा

पोलिसात होते म्हटलं की लोक आधी विचारतात, चोर किती पकडलेत? खरं सांगायचं तर अगदीच थोडे. माझी नोकरीची शेवटची वर्षं वसई-विरार पट्ट्यातल्या एका ठाण्यात, लोकांच्या घरी जाऊन चौकशा करण्यात गेली. पासपोर्ट, चारित्र्याचा दाखला, आणि कैद्यांच्या रजेची चौकशी. या शेवटच्या कामाचं नाव निघालं की ठाण्यातले बाकीचे हवालदार एकदम फार कामात असायचे. ते माझ्या गळ्यात पडलं, कारण साहेबांचं म्हणणं, "कदम मॅडम, तुम्हाला बायका चहा देतात आणि खरं बोलतात." चहा देत असत, एवढं नक्की.

कैद्याला रजा असते हेच पुष्कळांना माहीत नसतं. शिक्षा झाली म्हणजे मधल्या काळात माणूस घरी येतच नाही, असं वाटतं. पण दोन तऱ्हेच्या रजा असतात. घरात कुणी गेलं, कुणी फार आजारी पडलं तर मिळते ती पॅरोल. आणि काही वर्षं आत नीट वागून काढली की मिळते ती फर्लो, म्हणजे सरकारी भाषेत संचित रजा. साठवलेली. काय साठवायचं, तर चांगली वर्तणूक. भांडण करायचं नाही, मोबाइल लपवायचा नाही, दिलेलं काम करायचं, मोजणीला बसवलं की बसायचं, उठवलं की उठायचं. असं वागलं की शिक्षेत माफीचे दिवस मिळतात, रजा मिळते, आणि शेवटी मुदतीआधी सुटकेचा विचार होतो तेव्हाही हेच सगळं पाहिलं जातं. आतलं तुरुंगाने सांगायचं. बाहेरचं आम्ही. घरचं कोण जामीन राहतंय, शेजारी काय म्हणतात, माणूस गावात आला तर काही पेटेल का. यासाठी मी दारोदार फिरत असे.

गमतीही व्हायच्या. विरारला एका बाईने मला दार उघडल्या उघडल्या आत ओढलं आणि कुजबुजली, "मॅडम, सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय की हे शिपवर आहेत. मुलांनाही. तुम्ही प्लीज विरोध लिहा, पण मी बोलले असं लिहू नका." असं तुमच्या सोयीने लिहिता येत नाही, हे मी तिला समजावलं. नवरा आला. रोज ठाण्यात हजेरीला यायचा आणि घाम पुसत मला विचारायचा, "मॅडम, जहाजावर जेवायला काय देतात हो? धाकटी रोज नवीन प्रश्न काढते." मी कुठे जहाजावर गेलेय! आम्ही दोघांनी मिळून बरंच काही रचलं. तो वेळेवर परत गेला आणि धाकटीने म्हणे सोसायटीच्या गेटवर रुमाल हलवला.

कामणचा एक म्हातारा मात्र आठवला की वाईट वाटतं. मुलाजवळ मोबाइल सापडला होता, माफी कापली गेली, रजा नाकारली. म्हातारा गोदामातली हमाली संपवून माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. "बाई, आत नीट राहायला नेमकं काय लागतं? मी त्याला भेटीत सांगेन." मी म्हटलं, "गप्प बसायला लागतं, काका." तो म्हणाला, "मग नाही जमायचं त्याला. लहानपणापासून बडबड्या." मला तेव्हा हसू आलं होतं. गप्प बसणं ज्याला पूर्ण जमलं असा माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता.

तो माणूस उमेळ्याचा. नाव दिनकर म्हणू या. वाडीवाल्यांच्या घरातला, केळी, सुपारी, फुलं काढणारा. वाडीत एक बावखल होतं. बावखल म्हणजे आमच्या इथलं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या पाण्याच्या पाळीवरून चुलत भावाशी बाचाबाची झाली आणि दिनकरच्या हातात कोयता होता. एकच घाव. जन्मठेप झाली. चुलत भावाच्या बायकोने वाडीतली आपली बाजू विकली आणि ती माहेरी निघून गेली. त्या जागेवर आता बिल्डिंग उभी आहे, खाली पार्किंग, पुढे मुलांसाठी घसरगुंडी. वर राहणाऱ्यांना आपण कुणाच्या वाडीवर राहतो याचा पत्ताही नाही.

मी पहिल्यांदा चौकशीला गेले तेव्हा भर दुपार होती, तरी वाडीत उजेड कमी. सुपाऱ्या दाट, आणि वरून बिल्डिंगची सावली पडलेली. पाण्यावर हिरवा थर. इतक्या झाडांत एकही पाखरू ओरडत नव्हतं, हे माझ्या उगाचच लक्षात आलं. दिनकरची आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ती घरात एकटीच. नवरा गेलेला, नातेवाइकांनी संबंध तोडलेले. जामीन राहायला तीच तयार होती.

तिची घरची बोली मला समजते, पण हुबेहूब लिहिता येत नाही. थोडीफार आठवते तशी लिहिते. "पोऱ्या चांगला हाय माजा," ती म्हणाली. "तिकडचे साहेब पन तसंच बोलतात. बोलत नाय का?"

बोलत होते. तुरुंगाने दिनकरबद्दल जे कळवलं होतं तसं मी दुसऱ्या कुणाबद्दल कधी वाचलं नाही. इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. एकदा आवाज चढवलेला नाही. बागकामात पहिला. पण म्हणे घरी जायचा अर्जसुद्धा त्याने आपणहून केला नव्हता. आईच मागे लागली होती. मी हरकत नाही असं लिहिलं. रोज ठाण्यात हजेरी लावायची, या अटीवर त्याला रजा मिळाली.

पहिल्या दिवशी तो आला तो दारात थांबला. ठाण्याचं दार सताड उघडं असतं, त्यातून दिवसभर कुत्रीसुद्धा ये-जा करतात. हा उंबऱ्याच्या बाहेर, हात मांडीला चिकटवून उभा. शिपाई मोरे म्हणाला, "अहो, या की आत." तेव्हा आला. "बसा," म्हटलं तेव्हा बसला, बाकावर नाही, भिंतीला पाठ लावून, उकिडवा. मी नाव पुकारलं. त्याने एकदम खणखणीत "हजर!" म्हटलं, इतकं की आतले साहेब बाहेर डोकावले. मोरे हसला. मीही हसले. दिनकर हसला नाही, पण त्याला रागही आला नाही. आमच्याकडे पाहून तो आमचं हसणं संपायची वाट पाहत होता.

दोन-तीन दिवसांनी असंच मी त्याला "बसा" म्हटलं आणि तेवढ्यात एका मोर्चाच्या बंदोबस्ताला पळावं लागलं. परत आले तेव्हा ऊन कलंडलं होतं. दिनकर भिंतीपाशी तिथेच. पाणी प्यायला नव्हता, लघवीला उठला नव्हता. ठाण्यातल्या कुणालाच तो दिसला नव्हता, इतका तो भिंतीत मिसळून गेला होता. मी ओरडलेच, "अहो, घरी का नाही गेलात?"

"जा म्हटलं नव्हतं, मॅडम."

त्याच दिवशी तो आपणहून एवढं एकच बोलला, "तिकडचे साहेब म्हणालेत, ही रजा नीट पार पडली, वेळेवर हजर झालो, की पुढे कायमच्या सुटकेसाठी माझं नाव वर जाईल." डोळ्यांत आनंद वगैरे नव्हता. पण बोलून झाल्यावर त्याने उघड्या दारातून बाहेर रस्त्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं. म्हटलं, आत कुठेतरी अजून माणूस आहे.

रजेवरचा माणूस खरंच घरी आहे का, हे मध्येच एकदा जाऊन पाहायचं असतं. मी दिवेलागणीच्या आधी गेले. घरात आई होती, दिनकर नव्हता. "खोलीत हाय तो," तिने वाडीकडे हात केला. बावखलाच्या काठाला पंपाची खोली होती, विटांची, लोखंडी दाराची. पंप केव्हाच काढला होता. आत दिनकर सतरंजीवर बसलेला.

"घरात का झोपत नाही?" मी विचारलं.

"घराच्या दाराला कडी आतून आहे, मॅडम. आतून कडी असली की मी जागाच राहतो. बाहेरून कुणी लावली की झोप लागते."

आईने माझ्यादेखत दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. तुरुंगात मोजणी देतात तसा आतून आवाज आला, "एक. बरोबर." आईने बाहेरून सावकाश उत्तर दिलं, "बरोबर." आणि माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "असा बोलला की झोपतो. लहान होता तवा घरात टिकायचा नाय. आता बघ, कसा राहतो." मी झपाझप वाडीतून बाहेर आले. रस्त्यावर भाजीवाल्याची ओरड ऐकू आली तेव्हा बरं वाटलं.

रजेवर आलेल्या दिनकरवरून बिल्डिंगमधल्या लोकांची कुरकुर चालूच होती. त्यातली एक तन्वी नावाची मुलगी, तिसऱ्या मजल्यावर राहणारी, घरूनच काम करणारी, ठाण्यात आली. "मॅडम, ॲक्च्युअली तो काहीच करत नाही. तेच तर भीतिदायक आहे. आमच्या खिडकीतून सगळं दिसतं ना. ती आजी रोज संध्याकाळी त्याला आत टाकते, सकाळी काढते. काढल्यावर तो तिथेच उभा राहतो, जोपर्यंत ती हात धरून नेत नाही." मी तिला म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत. जाईल तो.

परत जायचा दिवस आला. त्या दिवशी तो हजेरीला आला नाही. मला वाटलं, सकाळीच तुरुंगाची वाट धरली असेल, अशी माणसं वेळेच्या आधी पोचतात. दुसऱ्या दिवशी तुरुंगातून निरोप आला की कैदी हजर झालेला नाही.

याचा अर्थ काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. रजेवरून वेळेत परतला नाही की कैदी फरार. त्याच्यावर नवा गुन्हा लागतो, माफी कापतात, पुढच्या रजा अडतात, आणि सुटकेच्या यादीत नाव जाणार असेल तर ते मागे पडतं. वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं पाण्यात. जितका उशीर, तितकं अधिक वाईट. साहेब माझ्यावर उखडले. "हरकत नाही तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

मोरेला घेऊन मी उमेळ्याला गेले. म्हातारी ओटीवर होती. "गेला," ती म्हणाली. "कालच गेला." आम्ही घर पाहिलं, माळा पाहिला, वाडीत फिरलो. पंपाच्या खोलीला कुलूप होतं. "चोर वायरी काढून नेतात," म्हातारी म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं, त्या भागात तशा चोऱ्या होत होत्या. दाराला लागूनच उभी राहून मी मोरेशी बोलले, कुठे कुठे शोधायचं ते. एसटी स्टँड, माहेरी गेलेली ती चुलत भावजय, तिला सावध करायला हवं. आतून श्वासाचा आवाजही आला नाही.

आम्ही दिवसभर शोधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तन्वी पुन्हा आली. "मॅडम, ती आजी अजून ताट नेते. त्या खोलीपाशी. दाराखाली फट आहे ना, तिथे ठेवते. आणि मग..." तिने स्वतःचाच हात टेबलावर पालथा ठेवून पुढे सरकवला. "असा हात येतो. ताट आत ओढतो. सावकाश. घाईच नाही काही."

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी कुलपाच्या दारासमोर पाट टाकून बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही. मी दारावर थाप मारली. "दिनकर, आत आहात का? दिनकर, बोला." काही नाही. मोरे फटीतून पाहायला वाकला आणि मागे सरला. "मॅडम, आत कोणीतरी बसलंय."

मग माझ्या काय मनात आलं कोण जाणे. मी दोन पावलं मागे झाले आणि ठाण्यात पुकारते तसं त्याचं पूर्ण नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट.

"हजर!"

त्याच खणखणीत आवाजात, त्याच क्षणी. जणू तो इतका वेळ तेवढ्याचीच वाट पाहत होता. बावखलाच्या पलीकडे बिल्डिंगच्या खिडक्यांत माणसं उभी होती, त्यांनाही तो ऐकू गेला असणार.

म्हातारीने कमरेची किल्ली मुकाट काढून दिली. आत दिनकर मांडी घालून बसलेला. दाढी वाढलेली, पण सतरंजीची घडी काटकोनात. बाजूला ताट, ताटात पेला उपडा. कोपऱ्यात बादली, तिच्यावर फळी. बाहेरच्या उजेडाने त्याने डोळे बारीक केले आणि उठायचा हुकूम व्हावा म्हणून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, मी आले होते काल! या दाराशी उभी होते."

"ऐकलं, मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलं नव्हतं तुम्ही. त्यांच्याशी बोलत होतात." त्याने मोरेकडे मान केली.

"आणि आत्ता आधी दारावर थाप मारून हाक मारली तेव्हा?"

"हजेरी नव्हती ती."

मला राग आवरेना. "दिवस उलटून गेलाय, कळत होतं की नाही? दार गंजून गेलंय. एक लाथ मारली असती तरी पडलं असतं. निदान दार वाजवायचं! ओरडायचं!"

तो गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला. अगदी साधं गणित चुकलेल्या माणसाकडे पाहावं तसा. "दार वाजवलं की वर्तणूक खराब लागते, मॅडम," तो म्हणाला. "मोडलं असतं तर मग संपलंच."

मी म्हातारीकडे वळले. "काकू, काय केलंत हे? तो सुटणार होता हो! वेळेवर गेला असता तर काही काळाने कायमचा आला असता तुमच्याकडे."

"असं सगळे बोलतात," ती म्हणाली. "तवर मी ऱ्हायेन का? बाय, तिकडे पन कुलूप, इकडे पन कुलूप. तिकडे कोन त्याच्या दाराशी बसतं? मग माझ्या कुलपात काय वाईट?" मग थोडं थांबून, "आनी मी जबरदस्ती नाय केली. एकदा जरी दार वाजवलं असतं ना, मी उघडलं असतं. मी बसूनच होते इथं. कान लावून. त्यानं नाय वाजवलं."

मोरेने मला बाजूला घेतलं. तो कायद्याने बरोबर बोलत होता. खरं लिहिलं तर दिनकर वाचतो. तो पळाला नव्हता, त्याला कोंडलं होतं. पण मग कोंडणारीवर गुन्हा. शिवाय जामीनही तीच. या वयात तिला ठाण्यात बसवायचं, कोर्टात उभं करायचं. आम्ही हळू बोलत होतो, पण कुजबुज ऐकण्यात दिनकरची आतली सगळी वर्षं गेली होती.

"मॅडम, माझा जबाब लिहा," तो म्हणाला. विचारल्याशिवाय तो बोलल्याचं मी दुसऱ्यांदा ऐकत होते.

मी ओटीवर बसून लिहू लागले. तो समोर उभा राहून सांगू लागला, सावकाश, एकेक शब्द. मला परत जायचं नव्हतं. मी स्वतःच्या मर्जीने खोलीत लपून बसलो. मीच आईला सांगितलं की बाहेरून कुलूप लाव, म्हणजे पोलिसांना संशय येणार नाही. आईला परतीची तारीख माहीत नव्हती.

मी पेन थांबवलं. "याने काय होईल कळतंय ना तुम्हाला? सुटका विसरा. माफी गेली, रजा गेली. नवीन गुन्हा."

"कळतं, मॅडम."

"नीट विचार करा."

"केला," तो म्हणाला. "दोन दिवस तेवढंच केलं आत."

ज्या माणसाच्या नावावर कधी चुकीचा शब्द नव्हता, त्याने हे सगळं खोटं सांगितलं, आणि तुरुंगाच्या दृष्टीने यापेक्षा वाईट वर्तणूक दुसरी नाही. मी इतकी वर्षं माणसांच्या चांगल्या-वाईट वागण्याबद्दल लिहीत आले, पण तो जबाब लिहूच नये असं मला वाटलं, हे मी कबूल करते. जबाब ज्याचा त्याचा असतो. मी तो त्याने सांगितला तसा लिहिला.

नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. मी स्वतःच्या मर्जीने आईकडे राहिलो, या वाक्याला म्हातारी पाटावरून उठली. वाचन संपेपर्यंत ती ओटीपाशी येऊन उभी होती, सुरकुत्यांतून तोंडभर हसत.

"पुन्हा वाच, बाय," ती मला म्हणाली. "मर्जीनं ऱ्हायला तो ना? तेवढंच पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. दिनकर खाली मान घालून उभा होता. म्हातारीने त्याच्या दाढीवरून हात फिरवला आणि वरच्या खिडक्यांतून पाहणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ऐकलात ना? त्याला माझ्याकडंच ऱ्हायचं होतं!"